पान तेच, वाचणारे वेगळे: ख्रिस्ती मिशनच्या फेरविचाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभ्यासगटांत, सेमिनरीच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गांत आणि कधी सरळ वादावादीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत. ती सगळ्या चर्चना पटतील असा दावा नाही. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

फेरविचार नेमका कशाचा करायचा?

मिशन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. एकाकडे पुस्तक आहे, दुसऱ्याकडे नाही. पहिला वाचून समजावतो, दुसरा ऐकून घेतो. पुस्तकाचा अर्थ आधीच पक्का झालेला असतो, तो फक्त पोचता करायचा असतो. फेरविचार करायचा तो या समजुतीचा. दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या परिस्थितीत वाढलेला माणूस तेच पान वाचतो तेव्हा त्याला त्यात जे दिसतं, ते पुस्तक घेऊन आलेल्याला अनेकदा दिसलेलंच नसतं. मग शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

मजकूर एकच असताना अर्थ वेगळे कसे निघतात?

याचं माझं आवडतं उदाहरण उधळ्या पुत्राचं आहे (लूकच्या शुभवर्तमानाचा अध्याय १५): वाटणी घेऊन परमुलखात गेलेला आणि हाल होऊन बापाकडे परतलेला मुलगा. मार्क ॲलन पॉवेल या अमेरिकन अभ्यासकानं एक साधा प्रयोग केला. गोष्ट वाचायची, पुस्तक मिटायचं आणि आठवेल तशी शेजाऱ्याला सांगायची. अमेरिकेतल्या १०० विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकानं मुलानं पैसा उधळल्याचं सांगितलं. त्या देशात दुष्काळ पडला होता, हे मात्र फक्त ६ जणांना आठवलं. पुढे रशियात सेंट पीटर्सबर्गला त्यांनी ५० जणांना तेच करायला सांगितलं. तिथे ४२ जणांनी दुष्काळ सांगितला आणि उधळपट्टीचा उल्लेख मात्र बऱ्याच जणांनी गाळला.

सेंट पीटर्सबर्ग म्हणजे जुनं लेनिनग्राड. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून जवळजवळ ९०० दिवस ते वेढ्यात होतं आणि लाखो माणसं उपासमारीनं गेली. ज्या घरांत ती आठवण आहे, तिथला माणूस ‘दुष्काळ’ हा शब्द ओलांडून पुढे जाऊ शकत नाही. टांझानियात पॉवेलनी विचारलं, की मुलाची अशी दशा का झाली? तिथे वेगळंच उत्तर मिळालं: कोणी त्याला काही दिलं नाही म्हणून. परक्या मुलखातला पाहुणा उपाशी राहतो, याची लाज त्या गावाला वाटायला हवी.

आता लूकचा मजकूर पुन्हा उघडा. उधळपट्टी तेराव्या ओवीत आहे, दुष्काळ चौदाव्या आणि ‘कोणी दिलं नाही’ हे सोळाव्या. तिघांपैकी कोणीही पदरचं काही घातलेलं नाही. प्रत्येकानं काहीतरी गाळलं आहे, इतकंच. (‘ओवी’ म्हटलं ते जुन्या सवयीनं. छापील पुस्तकांत ‘वचन’ असतं.)

म्हणजे कुणीही काहीही अर्थ काढावा का?

नाही. वरच्या तिन्ही उत्तरांना मजकुरात जागा आहे. ‘मुलानं परत जायलाच नको होतं’ या अर्थाला नाही. मजकूर, त्याचा काळ, त्याची भाषा ही कुंपणं आहेतच. पण कुंपणाच्या आत जमीन किती आहे, हे एकट्यानं फिरून कळत नाही.

याला बायबलमध्ये आधार आहे, की ही अलीकडची टूम आहे?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १०. येशूचा शिष्य पेत्र भुकेला असताना त्याला दृष्टान्त होतो: आकाशातून चादर उतरते, तिच्यात सगळ्या प्रकारचे प्राणी, आणि आज्ञा होते की मार आणि खा. पेत्र साफ नकार देतो, कारण त्यांतले पुष्कळ प्राणी त्याच्या यहुदी धर्मात अशुद्ध. हे तीनदा होतं. मग तो कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी जातो आणि उंबरठा ओलांडल्यावर कबूल करतो की कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणायचं नाही, हे देवानं त्याला आत्ता दाखवलं. पुढच्याच अध्यायात यरुशलेमेत त्याला जाब विचारला जातो, तोही कशाबद्दल? यहुदी नसलेल्यांच्या पंगतीला बसलास म्हणून.

आपण या अध्यायाला ‘कर्नेल्याचं परिवर्तन’ म्हणतो. मला त्यात पेत्राचंच परिवर्तन मोठं वाटतं. कर्नेल्य आधीपासून प्रार्थना करणारा, दानधर्म करणारा होता. मोडावं लागलं ते पेत्राला.

पंधराव्या अध्यायातली यरुशलेमेची सभा साधारण इ.स. ४९ ची. यहुदी नसलेल्यांनी सुंता करून आधी यहुदी व्हावं का, हा तिथला वाद होता. निकाल लागला की नाही. आज ते इतकं सहज वाटतं की त्या निकालाची किंमत कळत नाही. सुंता ही साधी रीत नव्हती, तिच्यासाठी शास्त्रात थेट आज्ञा होती. ती नव्या लोकांवर लादायची नाही, असं त्या सभेनं शास्त्राचाच दाखला देऊन ठरवलं.

आणि सुरफुनीकी बाईची गोष्ट (मार्क ७) तर अवघड जागेचं दुखणं आहे. ती मुलीला बरं करायची विनवणी करते, येशू ‘मुलांची भाकर कुत्र्यांना टाकू नये’ म्हणत आधी नकार देतो, ती मेजाखालच्या कुत्र्यांचा दाखला उलटवून उत्तर देते, आणि तो म्हणतो की या तुझ्या बोलण्यामुळे जा, तुझ्या मुलीतून भूत निघालं आहे. टीकाकारांनी ही गोष्ट मवाळ करायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे. मी तो करणार नाही.

पण ‘महान आज्ञा’ तर स्पष्ट आहे ना?

‘जाऊन सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा’ या मत्तय २८:१९ ला हे स्थान नेहमीच नव्हतं. कित्येक शतकं हे वचन मुख्यतः त्रैक्याच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) सिद्धान्तासाठी आणि बाप्तिस्म्यासाठी उद्धृत होत असे. जाण्याची आज्ञा त्या प्रेषितांपुरती होती, असं धर्मसुधारणेच्या काळातले पुष्कळ प्रोटेस्टंट मानत. १७९२ मध्ये विल्यम कॅरी या इंग्रज मिशनरीनं एका पुस्तिकेत युक्तिवाद केला की ती अजून लागू आहे, आणि तिथून पुढे ते मिशनचं ब्रीद झालं. कॅरीचा काळ जहाजांचा आणि व्यापारी कंपन्यांचा होता. ‘जा’ या शब्दावर त्यानं जोर दिला यात नवल नाही. ग्रीक वाक्यात मुख्य क्रियापद ‘शिष्य करा’ हे आहे. ‘जा’ हे त्याला जोडून आलेलं धातुसाधित आहे.

त्याच शुभवर्तमानांत पाठवणीचं दुसरंही चित्र आहे. लूक १०: थैली नको, झोळी नको, वहाणा नकोत. ज्या घरी जाल तिथे पुढ्यात वाढलेलं खा. पाठवलेला माणूस यजमानाच्या ताटावर अवलंबून. हे वचन कुठल्याही मिशनचं ब्रीद का झालं नाही, यावर एकदा शांतपणे विचार करावा. उलट लूक १४ मधलं ‘आत येण्यास भाग पाड’ हे जेवणाच्या आमंत्रणातलं वाक्य ऑगस्टीन या चौथ्या-पाचव्या शतकातल्या बिशपनं पाखंड्यांवरच्या सक्तीच्या समर्थनाला वापरलं, आणि पुढे ते फार महागात पडलं.

येशूचे मूळ शब्द धरून बसलं तर हा घोळ होणार नाही, नाही का?

त्याचे मूळ शब्द आपल्याकडे जवळजवळ नाहीतच. तो अरामी बोलत असे. शुभवर्तमानं ग्रीकमध्ये आहेत. ‘तलीथा कूम’, ‘एफ्फाथा’, ‘अब्बा’, वधस्तंभावरचा आक्रोश असे मोजके शब्द राहिले आणि त्यांच्याही पुढे लगेच अर्थ दिलेला आहे. मुळातच भाषांतर असलेला हा ग्रंथ आहे. गँबियात जन्मलेले अभ्यासक लामिन सानेह यांनी हाच धागा धरून मांडलं की भाषांतर होतं त्या क्षणी धर्माची मालकी भाषांतर करून घेणाऱ्यांकडे जाऊ लागते, मिशनरीची इच्छा असो वा नसो. आज संपूर्ण बायबल ७०० हून अधिक भाषांत आहे. (आपल्या मराठी बायबलात मोशेच्या पाचव्या पुस्तकाचं नावच ‘अनुवाद’ आहे. त्याचा भाषांतराशी संबंध नाही, पण मला दर वेळी हसू येतं.)

देवाला कोणता शब्द वापरायचा?

इथे भल्याभल्यांनी ठेचा खाल्ल्या आहेत. कॅथलिक मिशनरी फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला पोचला तेव्हा त्यानं देवासाठी ‘दाइनिची’ हा शब्द घेतला. ते बौद्ध परंपरेतल्या वैरोचनाचं नाव निघालं. लोकांना वाटलं, हा बौद्धांचाच एखादा नवा पंथ आहे. मग त्यानं शब्द टाकला आणि लॅटिन ‘देउस’ सुरू केला. त्यावर विरोधकांनी ‘दाई-उसो’, म्हणजे महाथाप, अशी कोटी केली. ओळखीचा शब्द घेतला तर तो आपलं जुनं बिऱ्हाड बरोबर आणतो, आणि परका घेतला तर लोक त्यात हवं ते भरतात.

चीनमध्ये मात्तेओ रिची (मृत्यू १६१०) या मिशनरीनं कन्फ्यूशियसच्या परंपरेतले शब्द स्वीकारले आणि पूर्वजांना वंदन करणं ही मूर्तिपूजा नाही असं मानलं. त्याच्या मागे शंभर वर्षं वाद चालला. पोपनं १७१५ मध्ये ते विधी निषिद्ध ठरवले, १७२१ मध्ये सम्राट कांग्शीनं मिशनच्या प्रचारावर बंदी घातली, १७४२ मध्ये रोमनं निषेधावर पुन्हा शिक्का मारला आणि १९३९ मध्ये तो उठवला. चिनी ख्रिस्ती माणसांना आपल्या पूर्वजांपुढे वाकण्याचा अर्थ काय वाटतो, हे त्यांनाच विचारावं, असं या सगळ्या गदारोळात फार थोड्यांना सुचलं.

मराठीत काय झालं?

मराठीत एकमेकांच्या अगदी उलट वाटा चोखाळल्या गेल्या, म्हणून हे उदाहरण फार बोलकं आहे.

थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं (जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. पुराणाची रचना, ओवी छंद, स्वर्गाला वैकुंठ. कथा नवी आणि चाल ओळखीची. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) त्याच वाटेनं पुढे गेले: अभंग, कीर्तन, भक्तीची भाषा. आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) नेमक्या उलट्या दिशेला गेल्या. संस्कृत त्यांच्या जिभेवर होतं. तरी हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्ण छापून आलं, आणि त्यात संस्कृतप्रचुर, जुन्या धर्मकल्पनांनी भारलेले शब्द त्यांनी कटाक्षानं टाळले. कारण त्यांच्यापुढे वाचक म्हणून फारशा न शिकलेल्या बायका होत्या. ज्या भाषेनं त्या बायकांना धर्मग्रंथांपासून दूर ठेवलं, तिच्यातच नवा ग्रंथ देण्यात रमाबाईंना अर्थ दिसला नाही.

टिळक बरोबर की रमाबाई? मला हा प्रश्न नेहमी विचारतात. टिळकांची गाणी मी गुणगुणतो, पण वाद घालायची वेळ आली तर मी रमाबाईंच्या बाजूला बसतो. ‘स्थानिक संस्कृतीला धरून’ असं म्हणताना ती संस्कृती त्या ठिकाणच्या कोणाची, हा प्रश्न त्यांनी विचारला.

आणखी एक. बंगालमधल्या श्रीरामपूरला (सेरामपूर) कॅरीच्या मराठी कामामागे वैजनाथ पंडित होते. मुखपृष्ठावर नाव न आलेली अशी माणसं जवळपास प्रत्येक भाषांतरामागे असतात.

यानं धर्मात भेसळ होत नाही का?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच वाक्यातला ‘शब्द’, म्हणजे लोगोस, ग्रीक तत्त्वज्ञांच्या बाजारात आधीपासून चालणारं नाणं होतं. इ.स. ३२५ मध्ये निकियाच्या सभेनं पिता-पुत्राच्या नात्यासाठी जो ग्रीक शब्द निवडला, तो बायबलमध्ये कुठेच नाही. जुनी भेसळ पुरेशी मुरली की तिला परंपरा म्हणतात. भेसळीची भीती खोटी नाही, पण ती नेहमी नव्यांच्याच दारात का उभी केली जाते?

वाचण्यात सत्तेचा काय संबंध?

१८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलमधल्या ‘निवडक’ भागांचं पुस्तक छापलं गेलं. जुन्या करारातला सुमारे ९० टक्के मजकूर आणि नव्या करारातला जवळपास निम्मा गाळलेला. मिसर (इजिप्त) देशातून इस्राएली गुलामांची सुटका झाली ती ‘निर्गमा’ची कथा नाही. दास आणि स्वतंत्र असा भेद ख्रिस्तात उरत नाही, हे गलतीकरांस पत्रातलं वचन नाही. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हे मात्र आहे. ज्यांनी कात्री चालवली त्यांना निर्गमाचा अर्थ गुलामांना कसा लागेल हे नीट माहीत होतं. त्या पानांचे खरे वाचक कोण, हे त्यांनी गाळूनच कबूल केलं.

मिशनरी स्वतः बदलल्याचं उदाहरण आहे?

जॉन कोलेन्सो, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या प्रदेशाचा बिशप. झुलू भाषेत भाषांतर करताना त्याचा सहकारी विल्यम एन्गिडी यानं जलप्रलयाच्या गोष्टीवर विचारलं: थंड आणि उष्ण मुलखांतले सगळे प्राणी जोडीजोडीनं नोहाच्या तारवात आले, त्यानं त्या सगळ्यांसाठी अन्न साठवलं, हे खरंच असं घडलं का? कोलेन्सोला प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणता आलं नाही. त्यानं आकडेमोड करून मोशेच्या पुस्तकांवर लिहायला घेतलं, १८६२ मध्ये पहिला भाग आला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यावर पाखंडाचा खटला चालला. लंडनमध्ये लोकांनी टवाळी केली की बिशप झुलूंना बाटवायला गेला आणि झुलूंनी त्यालाच बाटवलं. टवाळी होती, पण वर्णन म्हणून तंतोतंत.

दुसरा प्रसंग १९१० चा. एडिंबरोच्या जागतिक मिशन परिषदेत सुमारे १२०० प्रतिनिधी होते, आशियातले हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. त्यांतल्या भारताच्या व्ही. एस. अझरिया यांनी भाषणाच्या शेवटी मिशनरींना सांगितलं: तुम्ही गरिबांना खाऊ घालायला आपलं सर्वस्व दिलंत, आपली शरीरं जाळायला दिलीत. आम्ही प्रेमही मागतो. आम्हाला मित्र द्या. हे शब्द करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातले आहेत, जो मिशनरींनीच त्यांना शिकवला होता. ते पान त्यांच्याचपुढे धरलं गेल्यावर सभागृहात बऱ्याच जणांना ते झोंबलं.

स्थानिक वाचन नेहमी योग्यच असतं का?

मुळीच नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चनं बाबेलच्या बुरुजाच्या गोष्टीतून (उत्पत्ती ११: देव माणसांच्या भाषा वेगळ्या करून त्यांना पांगवतो) वंशांना वेगळं ठेवण्याचं समर्थन काढलं. तेही ‘आपल्या परिस्थितीतलं’ वाचनच होतं. त्याच धर्मपरंपरेतल्या मिश्रवंशीयांच्या चर्चनं १९८२ मध्ये बेलहार इथे तयार केलेल्या कबुलीजबाबातून ते नाकारलं.

मुक्तीची आवडती कथाही सगळ्यांना मुक्ती देत नाही. ओसेज जमातीचे अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट वॉरियर यांनी १९८९ मध्ये लिहिलं की निर्गमाची कथा वाचताना त्यांना स्वतःची जागा इस्राएलात सापडत नाही, कनानी लोकांत सापडते, म्हणजे ज्यांच्या जमिनीचं वचन दुसऱ्यांना दिलं गेलं त्यांच्यात. यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही आणि ज्यांच्याकडे आहे त्यांचं मला पटत नाही.

खरं सांगा, हे धर्मांतराचंच नवं तंत्र नाही का?

काही ठिकाणी आहे. कपडे, चाली, शब्द स्थानिक घ्यायचे आणि आतला निर्णय कुठल्यातरी दूरच्या कार्यालयात आधीच झालेला असायचा, ही नुसती वेष्टनाची बदलाबदल. ओळखायची खूण सोपी आहे: ऐकणाऱ्यानं एखादा अर्थ सांगितल्यावर सांगणाऱ्याच्या पुढच्या प्रवचनात काही बदललं का? नसेल, तर तुमची शंका रास्त आहे.

मिशन ही पाश्चात्त्यांचीच गोष्ट ना?

अलोपेन हा सीरियाई परंपरेतला धर्मगुरू इ.स. ६३५ मध्ये चीनच्या राजधानीत पोचला होता. ७८१ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. तेव्हा उत्तर युरोपातला मोठा भाग ख्रिस्ती झालेलाही नव्हता.

गटात करून पाहायचं असेल तर?

एक चांगला नमुना आहे. ॲम्स्टरडॅमच्या फ्री युनिव्हर्सिटीत हान्स डी विट यांच्या पुढाकारानं वीसहून अधिक देशांतल्या सामान्य वाचकांच्या गटांनी योहान ४, म्हणजे येशूनं विहिरीवर जिच्याकडे पाणी मागितलं त्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट, वाचली. प्रत्येक गटानं आपलं वाचन लिहून दुसऱ्या देशातल्या गटाला पाठवलं, त्यांचं मागवलं, आणि मग तीच गोष्ट पुन्हा वाचली. त्यावरचं पुस्तक २००४ मध्ये निघालं.

मी हे लहान प्रमाणात करतो. पहिला अर्धा तास टीकाग्रंथ बंद. गटातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्याला आधी बोलू द्यायचं आणि शिकलेल्यांनी (माझ्यासकट) फक्त टिपून घ्यायचं. एकदा हीच गोष्ट वाचताना आम्ही अठ्ठाविसाव्या वचनापाशी आलो, जिथे ती स्त्री घागर तिथेच ठेवून गावात जाते. मी प्रवचनांत आजवर सांगत आलो होतो की घागर म्हणजे तिचं जुनं आयुष्य, ते तिनं टाकलं. गटातल्या एका बाई, ज्यांचं निम्मं आयुष्य पाणी वाहण्यात गेलं, म्हणाल्या, “घागर कोण टाकतं? त्यानं पाणी मागितलं होतं ना? आणि अजून कुणी दिलेलं नाही. त्याला पिता यावं म्हणून ठेवून गेली असेल.”

मी अध्याय वर-खाली दोनदा वाचला. त्यानं पाणी प्यायल्याचं खरोखरच कुठे लिहिलेलं नाही. माझ्या जुन्या टिपणांत त्या वचनापुढे ‘जुने जीवन’ असं लिहिलं होतं. तिथे आता प्रश्नचिन्ह आहे.